फळ्यावरचे ११.० (आणि ४७.६०, आणि १०.४९)

रामबागी
रविवार, रात्री ९.४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय धावण्याचे विक्रम आणि उत्तेजकं. सुरुवात मात्र घरातून करतो.

माझी भाची इथे इंदुरात ४०० मीटर धावते. वय सतरा, वेळ ६१ सेकंदांच्या आसपास. तिने कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, बायकांच्या ४०० मीटरच्या जागतिक विक्रमाचा : ४७.६०, मारिटा कॉख, कॅनबेरा, ६ ऑक्टोबर १९८५. परवा वेणी घालता घालता तिने विचारलं, "मामा, हा खरा आहे का? सर म्हणतात गोळ्यांचा आहे. मग हा काढून काय लावू?"

म्हटलं, सांगतो. त्याला आठ दिवस झाले.

"खरा" म्हणावं, तर कॉखच्या पूर्व जर्मनीची "राज्य योजना १४.२५" डोळ्यांसमोर येते. सरकारी पैशाने, सरकारी डॉक्टरांच्या हातून खेळाडूंना स्टिरॉइड देण्याचा रीतसर कार्यक्रम. बर्लिनची भिंत पडल्यावर ब्रिगिटे बेरेंडॉन्क आणि वेर्नर फ्रांके या नवराबायकोने ज्या फायली बाहेर काढल्या, त्यांत कॉखच्या नावापुढे ओरल-ट्युरिनाबोल या स्टिरॉइडचे डोस लिहिलेले आहेत. "खोटा" म्हणावं, तर बाई एकाही चाचणीत सापडलेली नाही, तिने कधी काही कबूल केलेलं नाही, आणि विक्रम आज चाळीस वर्षं अधिकृत यादीत बसलेला आहे.

तुम्ही काय सांगितलं असतं? शीर्षकातले ११.० माझे स्वतःचे आहेत. म्हणजे मी धावलो नव्हतो. ते नंतर, धीर झाला तर.

छप्पनवाला
रविवार, रात्री ९.५८

भिया, साधी गोष्ट आहे. सगळेच घेतात. सूट देऊन टाका, ज्याला जे घ्यायचं ते घेऊ दे. निदान बरोबरी तरी होईल. जीरावण मसाला आमच्या पोह्यांवर पण पडतो, म्हणून कोणी पोहे बाद करत नाही.

स्टॉपवॉच
रविवार, रात्री १०.२१

रामबागी, उत्तेजकांच्या आधी वाऱ्याचं बोला. शंकास्पद विक्रम म्हटलं की सगळे सुईकडे धावतात आणि यंत्राला विसरतात.

१६ जुलै १९८८, इंडियानापोलिस, अमेरिकेची ऑलिंपिक निवड चाचणी. १०० मीटरची उपउपांत्य फेरी. फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर १०.४९. तोपर्यंतचा विक्रम एव्हलिन ॲशफर्डचा १०.७६. म्हणजे एका दुपारी सत्तावीस शतांश सेकंदांची उडी. या अंतरावर एरवी एकेका शतांशासाठी वर्षं जातात. धावपट्टीवरच्या विंड गेजने, म्हणजे वारा मोजायच्या यंत्राने, वारा दाखवला ०.०. नेमकं त्याच सुमारास शेजारी तिहेरी उडी चालू होती, तिथल्या गेजने दाखवला ४.३ मीटर प्रति सेकंद. नियमाने पाठीमागून २.० पर्यंतच वारा चालतो. तिच्यानंतर धावलेल्या दुसऱ्या उपउपांत्य शर्यतीलाही ०.०, आणि तिसरीला एकदम ५.०. वारा काय बाईंसाठी श्वास रोखून उभा होता?

१९९५ मध्ये निकोलस लिंथॉर्न या ऑस्ट्रेलियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने सगळे आकडे तपासून सांगितलं, की खरा वारा ५ ते ७ च्या दरम्यान असावा. आकडेवारी ठेवणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ती आपल्या वार्षिकात या वेळेपुढे "बहुधा जोरदार वाऱ्याची, पण विक्रम म्हणून मान्य" अशी टीप छापत आली आहे. अशी टीप मी लग्नपत्रिकेवरही पाहिलेली नाही.

गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यतीत बाई १.२ च्या कायदेशीर वाऱ्यात १०.६१ धावल्या. तोही जुन्या विक्रमापेक्षा पंधरा शतांशांनी सरस. १०.४९ खोडला असता, तरी २०२१ पर्यंत विक्रम त्यांच्याच नावावर राहिला असता. त्या ऑगस्टमध्ये इलेन थॉम्पसन-हेरा युजीनला १०.५४ धावली.

ओपीडी नंतर
रविवार, रात्री ११.०५

@छप्पनवाला, जीरावणाने दाढी उगवत नाही.

मी डॉक्टर आहे, खेळाची नाही, साधी. पण एवढं सांगते. ॲनाबॉलिक स्टिरॉइड म्हणजे मूळ टेस्टोस्टेरॉनचीच भावंडं. पुरुषाच्या शरीरात ते मुळातच भरपूर असतं, वरून घातलं तर फायदा होतो, पण मर्यादित. बाईच्या शरीरात ते इतकं थोडं असतं, की तीच गोळी तिला कुठल्या कुठे नेते. स्नायू वाढतात हा एक भाग. खरा नफा थकवा भरून निघण्यात असतो : आज जीव तोडून सराव केला, उद्या पुन्हा तोच करता येतो. म्हणून ऐंशीच्या दशकातले जे विक्रम आज हलत नाहीत ते बहुतेक बायकांचे आहेत. ८०० मीटर, १९८३. गोळाफेक, १९८७. थाळीफेक आणि लांब उडी, १९८८. पुरुषांची थाळीफेकसुद्धा १९८६ पासून अडून होती, पण ती २०२४ मध्ये मिकोलास अलेक्नाने मोडली.

आणि "सूट द्या" याचा अर्थ काय होतो तेही बघून ठेवा. हायडी क्रीगर, गोळाफेक, १९८६ची युरोपियन विजेती. सोळाव्या वर्षापासून निळ्या गोळ्या, "जीवनसत्त्वं" म्हणून. १९९७ मध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया, नाव आंद्रेआस. त्याचं म्हणणं असं, की आपण कोण आहोत हे स्वतः शोधण्याची संधीच आपल्याला मिळाली नाही. २००० साली बर्लिनच्या कोर्टाने तिथल्या क्रीडाप्रमुखाला आणि मुख्य डॉक्टरला दोषी ठरवलं, शिक्षा निलंबित. सूट घेणारी मुलगी सतरा वर्षांची असते हो. देणारा पन्नाशीचा असतो.

छप्पनवाला
रविवार, रात्री ११.१२

बरं ताई. मागे घेतो. पोह्यांचं नाही, सूटचं.

लष्करवाली
सोमवार, सकाळी ७.३०

ग्वाल्हेरहून. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य वाचून चहा गार झाला.

मी कॉलेजात २०० आणि ४०० धावायचे. नाव-गाव सांगत नाही, पण एका शिबिरात आम्हा मुलींना रात्री दुधाबरोबर एक गोळी मिळायची. "ताकदीची आहे." विचारायची पद्धत नव्हती. सरांना उलट विचारणं म्हणजे उद्धटपणा. सहा आठवड्यांनी पाळी चुकली, आवाज बसला, आईने मला उचलून घरी आणलं. ती गोळी कसली होती ते आजतागायत कळलेलं नाही. वेळ मात्र दीड सेकंदाने सुधारली होती, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता!

म्हणून २०११ची ती बातमी मी वेगळी वाचली. अश्विनी अक्कुंजी, सिनी जोस, मनदीप कौर. दिल्लीच्या राष्ट्रकुल रिलेचं सोनं घरोघरी टीव्हीवर पाहिलेल्या मुली. त्या आणि त्यांच्याबरोबरच्या आणखी काही जणी स्टिरॉइडमध्ये सापडल्या, त्यांनी बोट दाखवलं चीनहून आलेल्या जिनसेंगकडे, आणि युक्रेनच्या युरी ओगोरोदनिक या प्रशिक्षकाची नोकरी गेली. आधी एक वर्षाची बंदी, मग आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने दोन वर्षं केली. त्यांना किती माहीत होतं, मला माहीत नाही. मला स्वतःबद्दल किती माहीत होतं हेही नीट सांगता येत नाही.

मांडवीकर
सोमवार, दुपारी १.१५

बडोद्याहून नमस्कार. लष्करवाली, लिहिलंत ते बरं केलंत.

सप्टेंबर २०२३ची दिल्लीची गोष्ट कोणी काढली नाही अजून? राज्य पातळीची स्पर्धा, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंजा पडल्याचा व्हिडिओ फिरला, शेवटच्या दिवशी नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, लोक नमुने घ्यायला आले, आणि १०० मीटरच्या अंतिम फेरीत उभा राहिला एक जण. बाकीच्या सात जणांना एकाएकी काही ना काही झालं. एक मुलगी तर स्टीपलचेस संपवून रेषा ओलांडल्यावरही पळतच राहिली, मागे अधिकारी. हसू येतं आणि मग येत नाही. वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३च्या आकड्यांत भारताचे ५,६०६ नमुने आणि त्यांतले ३.८ टक्के सदोष, मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत सगळ्यांत वर. आपण पूर्व जर्मनीच्या फायली वाचतो तेव्हा हाही आकडा शेजारी असू द्यावा.

पण मूळ प्रश्नाकडे. युरोपच्या ॲथलेटिक्स महासंघाने २०१७ मध्ये एक तोड काढली होती : २००५च्या आधीचे सगळे जागतिक विक्रम एका फटक्यात पुसायचे. २००५च का? कारण तेव्हापासून नमुने गोठवून जपून ठेवायला सुरुवात झाली. ज्याचा नमुना शीतपेटीत नाही, त्याचा विक्रम नाही. पॉला रॅडक्लिफ भडकली. तिचा मॅरेथॉनचा २:१५:२५ हा २००३चा. जोनाथन एडवर्ड्सची १८.२९ मीटरची तिहेरी उडी १९९५ची, माइक पॉवेलची ८.९५ची लांब उडी १९९१ची. काही वावगं केल्याचं सिद्ध नसताना तेही पुसले गेले असते. प्रस्ताव बारगळला.

जपून ठेवलेल्या नमुन्याचं मोल आपल्याकडे एका बाईला विचारा. अंजू बॉबी जॉर्ज, २००५, मोनॅको, जागतिक अंतिम स्पर्धा, लांब उडीत रौप्य. पुढे असलेल्या रशियाच्या तात्याना कोतोवाचा त्याच वर्षीचा हेलसिंकीचा नमुना नव्या तंत्राने पुन्हा तपासला, दोष निघाला, आणि २०१४ मध्ये अंजूचं रौप्य सोन्याचं झालं. नऊ वर्षांनी. ना राष्ट्रगीत, ना मैदान.

पोहे विदाऊट जिलेबी
सोमवार, दुपारी २.००

+१ मांडवीकर. वाचतेय.

स्टॉपवॉच
सोमवार, संध्याकाळी ६.४५

२००५ची रेघ मला पटत नाही. रेघ अलीकडे असली म्हणून माणूस अलीकडे शुद्ध होत नाही.

रुथ चेपनगेटिच बघा. १३ ऑक्टोबर २०२४, शिकागो, मॅरेथॉन २:०९:५६. बाईने २:१० खाली. त्याच आठवड्यात पत्रकारांनी तोंडावर विचारलं. मार्च २०२५च्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड सापडलं, जुलैत निलंबन, ऑक्टोबरमध्ये तीन वर्षांची बंदी. आधी म्हणाली कसं आलं माहीत नाही, नंतर म्हणाली मोलकरणीची गोळी घेतली होती. निकाल रद्द झाले ते १४ मार्च २०२५ पासूनचे. शिकागो त्याच्या पाच महिने आधीचं. म्हणजे विक्रम जागेवर! धावणारी बंदीत, आकडा यादीत.

उंच उडीचा सोतोमायोर तसाच. २.४५ मीटर, १९९३. १९९९ मध्ये कोकेन, २००१ मध्ये नँड्रोलोन. विक्रम अजून भिंतीवर. याउलट बेन जॉन्सनचा १९८८च्या सेऊल ऑलिंपिकमधला १०० मीटरचा ९.७९ तीन दिवसांत गेला, आणि नंतर चौकशीत कबुली दिल्यामुळे आदल्या वर्षीचा रोमचा ९.८३ सुद्धा गेला, जिथे तो सापडलाच नव्हता. कबूल केलंत तर मागचंही जातं, गप्प राहिलात तर राहतं. हा हिशोब ज्या दिवशी खेळाडूंना कळला, त्या दिवशी कबुल्या बंद झाल्या असणार.

ओपीडी नंतर
सोमवार, रात्री ९.३०

हायड्रोक्लोरोथायझाइड ही ब्लडप्रेशरची गोळी आहे. लघवी वाढवते, म्हणून नमुना पातळ होतो आणि त्यात दुसरं काही असलं तर शोधणं अवघड जातं. म्हणून बंदी. इंदुरातल्या अर्ध्या आजोबांच्या डबीत ती असते. औषधाच्या नावापुढे "एच" दिसला की बहुधा तीच.

रामबागी, भाचीला कॉखपेक्षा हे आधी सांगा. पृथ्वी शॉचा नमुना कुठे घेतला होता आठवतंय? आपल्याच इंदुरात, २२ फेब्रुवारी २०१९, मुश्ताक अली करंडकाच्या वेळी. खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटालिन. आठ महिने बंदी. कफ सिरप! आपल्याकडे तर औषध शेजारीण देते. मुलीला खोकला झाला की बाटली आणायच्या आधी मला फोन करा, आणि जिममधल्या त्या डब्यांतली पावडर तर अजिबात नको. डब्यावर जे लिहिलेलं असतं तेवढंच आत असेल याची हमी कोणी देत नाही.

रामबागी
मंगळवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचा नंबर तिच्या आईला दिला.

आता ११.०.

१९८८चा हिवाळा. सेऊलचं बेन जॉन्सन प्रकरण ताजं, चहाच्या टपरीवरसुद्धा स्टिरॉइडची चर्चा. मी तेव्हा बँकेत नवा, आणि हौसेने स्पर्धांना टाइमकीपर म्हणून जायचो. एका शाळेच्या मैदानावर आंतरशालेय स्पर्धा. मातीची धावपट्टी, चुन्याच्या रेघा. आम्ही शेवटच्या रेषेपाशी लाकडी पायऱ्यांवर बसलेलो, एकामागे एक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : घड्याळ पिस्तुलाच्या आवाजावर सुरू करायचं नसतं, धुरावर करायचं असतं. आवाजाला शंभर मीटर यायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात, धूर त्याच क्षणी दिसतो. त्या सकाळी सुरुवातीच्या मागे शाळेची पांढरी भिंत होती, ऊन तिच्यावर पडलेलं. पांढऱ्यावर पांढरा धूर. मला दिसला नाही. आवाज आला तेव्हा मी अंगठा दाबला.

पहिल्या आलेल्या पोराची वेळ माझ्या घड्याळात ११.०. मातीवर, अनवाणी. पंचांनी ओरडून सांगितलं, नवा विक्रम! पोराला खांद्यावर घेतलं. संध्याकाळी पेंटरने शाळेच्या विक्रमांच्या फळ्यावर लिहिलं. ते आजही आहे, मी दर दोन-चार वर्षांनी त्या बाजूला गेलो की फाटकातून बघतो. खरी वेळ ११.३ असणार. तीही वाईट नाही हो. पण विक्रम नव्हता, विक्रम ११.२ होता.

त्याने काही घेतलं नव्हतं. तो डबासुद्धा नीट आणायचा नाही.

स्टॉपवॉच
मंगळवार, रात्री १०.२५

थांबा. पहिल्या क्रमांकाला तीन घड्याळं लावतात. मधली वेळ धरतात. तुमचं एकटं चुकलं असतं, तर बाकीच्या दोघांनी सावरलं असतं. गणित जुळत नाही.

रामबागी
मंगळवार, रात्री १०.४८

जुळतं. तिसरं घड्याळ बंद पडलं होतं. दुसरं माझ्या शेजारच्याकडे होतं. पंचांनी विचारायच्या आधी त्याने माझ्या घड्याळात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "माझंही तेच." त्याच्यात किती होते ते त्याने मला दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. तोवर पोर खांद्यावर चढलं होतं.

म्हणून इंडियानापोलिसच्या त्या ०.० वाल्या माणसाबद्दल मला फारसं कडक बोलता येत नाही. यंत्राकडे बघून कोणीतरी आकडा लिहिला असेल. स्टेडियम ओरडत असताना "जरा थांबा, मला संशय आहे" म्हणायला जो माणूस लागतो, तो मी नव्हतो.

लष्करवाली
मंगळवार, रात्री ११.०२

त्या पोराला सांगा. तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी. माझ्या त्या दीड सेकंदाचं मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

मांडवीकर
बुधवार, सकाळी ८.१०

उलट मत. कशाला सांगता? साठीकडे झुकलेला माणूस. त्याच्याकडे आहे काय, तर तो एक फळा. कॉखच्या विक्रमामुळे कोणाचं तरी पदक, कोणाची तरी नोकरी गेली असेल. या ११.० मुळे कोणाचं काय गेलं?

स्टॉपवॉच
बुधवार, सकाळी ८.३३

ज्याचा ११.२ होता त्याचं गेलं.

पोहे विदाऊट जिलेबी
बुधवार, सकाळी ९.००

आई गं.

छप्पनवाला
बुधवार, दुपारी १२.४०

मामा, भाचीच्या कागदाचं काय झालं ते तरी सांगा. टोकियोत २०२५ला सिडनी मॅक्लॉक्लिन-लेव्हरोन ४७.७८ धावली, तीही ओल्या ट्रॅकवर, आणि मागोमाग पॉलिनो ४७.९८. कॉखला गाठायला अठरा शतांश राहिले. दीडेक मीटर. तो तुटला की भांडणच मिटलं.

ओपीडी नंतर
बुधवार, दुपारी ३.२०

तुटला म्हणून मिटत नाही. तुटेपर्यंत चाळीस वर्षं ज्या मुली "अशक्य" ऐकत मोठ्या झाल्या त्यांचं काय? पण ४७.७८ लावायला माझी ना नाही.

रामबागी
शुक्रवार, रात्री ९.१५

दोन गोष्टी.

भाचीला या धाग्याचा सारांश सांगितला. तिने ऐकून घेतलं, कागद काढला नाही. कॉखच्या खाली पेन्सिलने ४७.७८ लिहिलं, त्याच्या खाली ६१.३. म्हणाली, "मामा, मला आधी ६० करायचेत, तोपर्यंत वरचं कोणाचं का असेना." आणि पेन्सिल का, तर खालचा आकडा बदलायचा आहे म्हणून.

दुसरी. फोन केला त्याला. नंबर मिळवायला दोन दिवस गेले, रिंग वाजताना वाटलं उचलू नये. उचलला. ओळख दिली, १९८८, तुमचे ११.० माझ्या घड्याळातले, असं म्हणून धूर, भिंत, आवाज सगळं एका दमात सांगून टाकलं.

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "शंभर मीटर? मी जिंकलो होतो का?" त्याला खरंच नीट आठवत नव्हतं. फळा आहे हे माहीत होतं, म्हणाला नातवाने एकदा फोटो काढून आणला. "पण साहेब, त्याच दिवशी दुपारी २०० मीटर होती. त्यात मी दुसरा आलो होतो, छातीने. मला तिसरा दिला. ते मी अजून विसरलेलो नाही. तिसऱ्या क्रमांकाचं घड्याळ कोणाकडे होतं हो?"

मंडळी, ते माझ्याकडेच होतं.

रविवारी सकाळी त्याने राजवाड्याजवळ पोहे खायला बोलावलंय. विषय २०० मीटर.

स्टॉपवॉच
शुक्रवार, रात्री ९.२०

घड्याळ घरी ठेवून जा.